शंका घ्यावी, पण काट्यावर घालून
डहाणू-तलासरीची गोष्ट ऊस उत्पादकांसाठी



गाळप हंगाम सुरू झाला की गट ऑफिसच्या ओट्यावर, काट्याच्या रांगेत आणि चहाच्या टपरीवर तीन गाऱ्हाणी हमखास ऐकू येतात. पहिले, "या यंत्रांनी वाटोळं केलं." दुसरे, "सरकारचं धोरण म्हणजे वारं. सकाळी एकीकडचं, संध्याकाळी दुसरीकडचं." आणि तिसरे, जे सांगताना आवाज थोडा खाली येतो, "आबा, माणूसच राहिला नाही हो पहिल्यासारखा."

ही गाऱ्हाणी ऐकून नाक मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नाही. शंका घेणे हा शेतकऱ्याचा धर्मच आहे. बियाणे घेताना तो डोळा पाहतो, खताच्या पोत्याची शिवण तपासतो, आणि मनात आले तर उसाची भरलेली गाडी वाटेतल्या दुसऱ्या काट्यावर घालून पावती जुळवून बघतो. त्यात गैर काही नाही. उलट अशा सभासदामुळेच कारखाना सरळ चालतो. पण ज्याप्रमाणे आपण म्हणतो की ऊस डोळ्याने मापू नका, काट्यावर घाला, त्याचप्रमाणे शंकाही नुसत्या तोंडाने मापून चालत नाही. तीही काट्यावर घालावी लागते. न मोजलेली शंका ही शंका नव्हे, ती कुरकुर असते. आणि कधी कधी ती कुरकुरीपेक्षा फार भयंकर होते.

हे पटवून देण्यासाठी आम्ही या अंकात वाचकांना जरा लांब नेणार आहोत. पालघर जिल्ह्यात, गुजरातच्या सीमेला लागून डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते. तो काही ऊसपट्टा नव्हे. डोंगराकडे भात, नागली, वरई. किनाऱ्याकडे चिकूच्या वाड्या आणि मासेमारी. वस्ती मुख्यतः वारली आणि इतर आदिवासी समाजाची. मग त्यांची कथा आपल्या पत्रिकेत कशाला? तर वर सांगितलेली तिन्ही गाऱ्हाणी त्या दोन तालुक्यांत गेल्या ऐंशी वर्षांत प्रत्यक्ष कसोटीला लागली आहेत. कोठे शंका मोजून घेतली आणि तिचे पीक हाती आले, कोठे ती न मोजता घेतली आणि माणसे मेली. दोन्ही पाहण्यासारखे आहे.

धुराड्याला घातलेली अट

पहिले गाऱ्हाणे यंत्राचे. डहाणूच्या खाडीकाठी बीएसईएस कंपनीने कोळशावर चालणारे वीज केंद्र उभारले. प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच १९९५ साली सुरू झाले. वीज मुंबईच्या उपनगरांसाठी, राख आणि धूर डहाणूसाठी, असा हा हिशेब होता. चिकूच्या बागायतदारांना आणि मच्छीमारांना धास्ती वाटली. कोळशात गंधक असते. कोळसा जळला की त्याचा सल्फर डायऑक्साइड वायू होतो. तो कसा असतो हे साखर कारखान्याच्या सभासदाला निराळे सांगायला नको. रस उजळ करण्यासाठी आपण गंधकाची भट्टी पेटवतो, तिच्याजवळून जाताना नाकाला आणि घशाला जे झोंबते तेच ते.

आता ही धास्ती घेऊन तेथल्या लोकांनी काय केले ते बघा. "यंत्र नको, यंत्र वाईट" एवढेच म्हणून ते थांबले असते तर केंद्र उभे राहणारच होते आणि राहिलेही. परंतु डहाणूचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक आहे, अशी अधिसूचना केंद्र सरकारने २० जून १९९१ रोजी काढली होती. तिचा धागा धरून काही मंडळी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. न्यायालयाने ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी निकाल दिला आणि त्यानुसार त्याच वर्षीच्या डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत त्या कामाशी बांधलेले राहिले.

या प्राधिकरणाने १९९९ साली वीज केंद्राला सांगितले की धुरातला गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवा. कंपनीला ते खर्चिक वाटले. वाद झाले, तारखा पडल्या, वर्षे गेली. शेवटी प्राधिकरणाने ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. बोलणे राहू द्या, रक्कम अडकवा, असा त्याचा सरळ अर्थ. मग काम हलले. २००७ साली यंत्रणा चालू झाली. धूर समुद्राच्या पाण्याने धुऊन घ्यायचा, पाण्यातल्या क्षारांनी गंधकाचा वायू पकडायचा, आणि मग उरलेली वाफ व धूर वर सोडायचा, अशी ही रीत आहे. देशातल्या अगदी थोड्या वीज केंद्रांवर त्या वेळी अशी सोय होती.

यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. यंत्राविषयीच्या शंकेला उत्तर मिळाले ते दुसऱ्या यंत्राने. शंका घेणाऱ्यांनी यंत्राला हाकलून दिले नाही, त्याला अट घातली. आणि अट नुसती कागदावर ठेवली नाही, तिला पैशाची वेसण घातली.

पण येथेच गोष्ट संपत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये देशातल्या सगळ्याच कोळसा वीज केंद्रांना गंधकाची मर्यादा लावली. मुदत दोन वर्षांची होती. ती वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये नवी अधिसूचना निघून सुमारे ७८ टक्के संचांना ही यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. सरकारची बाजू अशी की आपल्या कोळशात गंधक कमी आहे, हवेतले प्रमाण बहुतेक ठिकाणी मर्यादेत आहे, आणि खर्चाने वीज महागेल. विरोधी बाजू अशी की हा वायू हवेत जाऊन त्याचे बारीक कण बनतात आणि ते दूरवर माणसाच्या छातीत जातात. आम्ही काही हवेचे शास्त्रज्ञ नाही. पण एवढे म्हणू की दोन्ही बाजूंचे आकडे गावच्या चावडीवर लागले पाहिजेत. डहाणूला जे मिळाले ते आकडा मागितल्यामुळे आणि मागत राहिल्यामुळे मिळाले. जेथे कोणी मागितले नाही, तेथे सूट मिळायला अडचण आली नाही.

समुद्र तोच, सदर बदलले

दुसरे गाऱ्हाणे धोरणाचे. ऊस उत्पादकाला हे शिकवावे लागत नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे भर हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात ती अंशतः सैल झाली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी उठली. ज्या कारखान्यांनी "इथेनॉल करा, देशाला तेल वाचवून द्या" या हाकेवर कर्ज काढून आसवन्या वाढवल्या होत्या, त्यांच्या हप्त्यांना मात्र कोणी आठवड्याची सवलत दिली नाही.

डहाणूलाही असाच अनुभव आहे, फक्त त्याला काळ जास्त लागला. वाढवण येथे मोठे बंदर बांधण्याचा विचार १९९०च्या दशकात पुढे आला. १९९८ साली वर सांगितलेल्या प्राधिकरणाने त्याला नकार दिला. अधिसूचनेच्या भाषेत असे बंदर डहाणूत बसत नाही, असे ते म्हणणे. पुढे २०१५ च्या सुमारास प्रस्ताव नव्याने उभा राहिला. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांचे वर्गीकरण बदलून त्यांना बिगर-औद्योगिक सदरात घातले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने, अर्थात नव्या सदस्यांनी, अटी घालून परवानगी दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात भर घालून सुमारे १,४४८ हेक्टर जमीन नव्याने तयार करायची आहे.

सरकार म्हणते, किनाऱ्याजवळ सुमारे २० मीटरची नैसर्गिक खोली मिळते, अशी जागा दुसरी नाही. अप्रत्यक्ष धरून १२ लाख रोजगार होतील. मच्छीमार म्हणतात, माशांची वीण जेथे होते तीच जागा तुम्ही बुजवताय. रोजगार येईल तेव्हा येईल, आमचा आहे तो आज जाईल. सभासदहो, दोन्ही बाजूंत दम आहे आणि हा निवाडा आमच्या लेखणीचा नव्हे. परंतु एक प्रश्न कोणालाही पडावा. १९९८ ते २०२३ या पंचवीस वर्षांत समुद्र बदलला की सदर बदलले? नियमाचे शब्द बदलून जे शक्य होते, ते नियम बदलण्याआधी लोकांपुढे मांडले पाहिजे. जे झाले ते योग्य होते असे जरी नंतर ठरले, तरी हा हिशेब राहतोच.

पाण्याचेही तसेच आहे, आणि हे आपल्या अगदी जिव्हाळ्याचे. सूर्या नदीवरचे धामणी धरण आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी म्हणून बांधले गेले. पुढे त्याच पाण्यातून वसई-विरारला दररोज १८ कोटी ५० लाख लिटर आणि मीरा-भाईंदरला २१ कोटी ८० लाख लिटर, असे एकूण ४० कोटी ३० लाख लिटर नेण्याची योजना झाली. शहरातल्या माणसालाही तहान लागते हे आम्हाला मान्य आहे. पण धरणाखाली जमीन गेली कोणाची, कालव्याचा पाट शेवटच्या शेतापर्यंत पोहोचला का, आणि पोहोचण्याआधीच नळ दुसरीकडे का वळला, हे प्रश्न टेलचा शेतकरी विचारणारच. आपल्यापैकी कितीतरी जण टेललाच आहेत.

धोरण बदलते ही तक्रार खरी आहे. परंतु तक्रार करून उपयोग किती? डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथल्या ग्रामसभेला जमीन संपादनाच्या आधी विचारले जाण्याचा अधिकार आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा ५०८ किलोमीटरचा मार्ग या तालुक्यांतून जातो. त्या वेळी अनेक ग्रामसभांनी ठराव करून विरोध नोंदवला. मार्ग काही थांबला नाही. पण ठराव केलेल्या गावाला मोबदल्याच्या बोलणीत बसायला पाट मिळतो, न केलेल्याला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागते. आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ही आपली ग्रामसभा आहे. विषयपत्रिका न वाचता "मंजूर, मंजूर" म्हणून जेवणाच्या पंगतीकडे वळणाऱ्याने नंतर धोरणाला नावे ठेवू नयेत.

जुने दिवस कोणाचे?

आता तिसरे गाऱ्हाणे, आणि खरे तर सगळ्यांत अवघड. "पूर्वी माणसं चांगली होती, शब्दाला जागत होती, मजूर इमानी होता."

तलासरीत हे वाक्य कोणी म्हटले तर तेथले म्हातारे काय उत्तर देतील? १९३७ साली मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला नेमले. त्याच्या अहवालात लग्नगड्यांची हकिगत आहे. वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेई आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघेही त्याच्या घरी राबत. राबता राबता आयुष्य जाई, कर्ज मात्र जागच्या जागी. त्या सावकाराला विचारले असते तर तोही म्हणाला असता की आमचा मजूर फार इमानी आहे हो! जो सोडून जाऊच शकत नाही, त्याच्या इमानाचे कौतुक सोपे असते.

हे कसे मोडले? जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. माह्या धांगडा आणि आणखी काही वारली तेथे गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर या मुलुखात आले. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे पाच हजार वारली जमले आणि त्यांनी ठरवले की यापुढे वेठ नाही, फुकट राबणे नाही. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. मागणी काय होती बघा: पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. पाचशे पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. अडाणी म्हणवलेल्या, अंगावर पुरते कापड नसलेल्या माणसांनी आपली मागणी वजनात आणि रुपयांत मांडली. "आमच्यावर अन्याय होतो" एवढेच ते म्हणाले असते तर जमीनदार हसले असते. पाचशे पौंडांना अडीच रुपये म्हटल्यावर हसता येईना. गोदावरीबाईंनी हा सगळा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला, त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तेव्हा जुने दिवस चांगले होते असे म्हणताना आपण कोणाच्या ओसरीवर बसून म्हणतो, हे आधी बघावे. ओसरी चांगली असेल, पण गोठ्यात कोण झोपत होते?

त्याच तालुक्यातली दुसरी हकिगत शिक्षणाची. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, त्यांना गोडीच नाही, हा समाज सुधारणार नाही, असे सगळे म्हणत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ च्या सुमारास त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. त्यांनी पाहिले की मुले गुरांमागे असतात. गुरे सोडून आली तर घरी मार, आणि पोटाला तोटा. मग मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे न्यावी म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तेथेच शिक्षक जाई, चारा, दगड, पाने, बिया हीच शाळेची सामग्री. आज गावोगाव जी अंगणवाडी आहे, तिच्या मागे त्या प्रयोगाची पुण्याई आहे. मुले बिघडली नव्हती, वेळापत्रक बिघडले होते. "समाज बिघडला" म्हणून हात झटकणे सोपे असते. कोणते वेळापत्रक बिघडले ते शोधायला टेकडी चढावी लागते.

अफवेचा वेग

असे असले तरी आजचे सगळे ठीक आहे असा आमचा दावा नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे जे घडले ते वाचकांच्या लक्षात असेल. टाळेबंदीचे दिवस होते. चोर आले, मुले पळवणारे आले, अशी अफवा त्या पट्ट्यात काही दिवस फिरत होती. दोन साधू आणि त्यांचा चालक गाडीने जात होते. जमावाने त्यांना अडवले आणि पोलिसांच्या देखत तिघांचाही जीव घेतला. शंभराहून अधिक जणांना अटक झाली.

त्यानंतर दोन प्रकारची बोलणी झाली. एक, "मोबाइलने माणूस राक्षस केला." दुसरे, "ते लोकच तसले." दोन्ही काट्यावर घालून बघू.

मोबाइल नव्हता तेव्हा काय होते? १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला हजारो वारली जमले. गोदावरीबाई येणार, त्यांच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या, असा खोटा निरोप त्यांच्यात पसरवला गेला होता. इकडे पोलिसांना सांगितले गेले की हे लोक हल्ल्याच्या तयारीत आहेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि इतर चार जण मेले. तार नाही, फोन नाही, तरी निरोप एका रात्रीत डोंगर ओलांडून गेला. तेव्हा अफवेला यंत्र लागत नाही. तिला लागते भीती, आणि शहानिशा करायला वेळ नसणे. यंत्राने अफवेचा वेग वाढवला हे खरे. तिला जन्म दिला हे खरे नाही.

आणि "ते लोकच तसले" म्हणणाऱ्यांनी १ जुलै २०१८ आठवावा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला बाजारच्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातून आलेले पाच भिक्षेकरी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मुले पळवणारे समजून मारले गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन घातले. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे आणखी एक बंधन आले. त्यानंतर काही दिवसांतच गडचिंचले झाले. म्हणजे यंत्राला लगाम घातला तरी माणसाच्या मनातली भीती लगामाबाहेर राहिली.

आणखी एक. गडचिंचलेनंतर शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी मोबाइलवर काय पसरवले? यात अमुक धर्माचे लोक होते, असे. राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्यांची यादी जाहीर करून सांगावे लागले की तसे काही नाही. एक अफवा जंगलातल्या पाड्यावर फिरली आणि तिने तीन जीव घेतले; दुसरी दिवाणखान्यांतून फिरली आणि तिला शिक्षाही झाली नाही. बिघाड शोधायचा तर दोन्हीकडे शोधावा.

शंका आणि अफवा या सख्ख्या बहिणी दिसतात, पण त्यांच्यात अंतर आहे. शंका विचारते आणि उत्तराची वाट बघते. अफवेला उत्तर नकोच असते.

आता आपल्या आवारात

एवढे सगळे सांगून आम्ही आता आपल्या फाटकातून आत येतो, कारण दुसऱ्याच्या गावचे शहाणपण सांगणे सोपे असते.

आपल्याकडे सध्या तीन नव्या गोष्टींची चर्चा आहे. एक ऊसतोडणी यंत्र, दुसरी कृत्रिम बुद्धिमत्तेने पाणी-खताचा सल्ला देणारी पद्धत, जिचे प्रयोग बारामतीच्या कृषी विकास संस्थेने ऊस पिकावर केले आहेत, आणि तिसरी आसवनीची वाढ. तिन्हींविषयी सभासदांत कुजबूज आहे. आमचे म्हणणे असे की कुजबूज बंद करावी आणि चार प्रश्न उघड विचारावेत. यातून फायदा कोणाचा? खर्च आणि त्रास कोणाच्या अंगावर? मोजणार कोण? आणि ठरल्याप्रमाणे झाले नाही तर भरणार कोण? चौथा प्रश्न डहाणूच्या त्या ३०० कोटींच्या हमीतून घेतला आहे, आणि तो विसरला तर पहिल्या तिन्हींना अर्थ उरत नाही.

यंत्राने तोडलेल्या उसात पाचट जास्त जाते, म्हणून वजनातून वजावट होते. ती किती, आणि दर खेपेला नमुना काढून ठरते की सरसकट? लहान तुकड्याच्या शेतात यंत्र वळतच नाही, मग एकराचा सभासद रांगेत मागे पडेल का? मोबाइलवर सल्ला मिळाला आणि उतारा पडला नाही, तर जबाबदारी कोणाची? शेताची माहिती गोळा होईल ती कोणाच्या ताब्यात राहील? आसवनीचे सांडपाणी बाहेर सोडायचे नाही असा नियम आहे. शेजारच्या विहिरींचे पाणी हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासून आकडे फलकावर लावायला काय हरकत आहे? आपल्यालाही धुराडे आहे. डहाणूच्या धुराड्याविषयी वाचताना आपण मान डोलावली असेल, तर आपल्या धुराड्याखाली उभे राहूनही तीच मान डोलावली पाहिजे.

आणि शेवटी ऊसतोड टोळ्यांचे. "उचल घेऊन मुकादम पळाला, मजूर बेइमान झाला," हे वाक्य आपल्या गावांत रोज ऐकू येते. पैसे बुडालेल्या सभासदाचे दुःख आम्ही जाणतो. कोणी कर्ज काढून उचल दिली, कोणी ट्रॅक्टरचा हप्ता थकवला, कोणाचा ऊस फडात वाळला. फसवणूक ही फसवणूकच, आणि तिचा कायद्याने बंदोबस्त व्हायला हवा. पण उचल म्हणजे काय, हे वर लग्नगड्याची हकिगत वाचल्यावर पुन्हा एकदा बघावे. जोडप्याने आधी पैसे घ्यायचे, मग दोघांनी कोयता चालवायचा, आजारपणाचा खाडा झाला तर तो अंगावर चढायचा, आणि हंगाम संपताना बाकी उरली तर पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे यायचे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. तिचे सावट आपल्या फडात कोठे राहिले आहे का, हे तपासणे आपलेच काम आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, आणि खाडा पडू नये हेही त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. त्या वेळी आपण कोणीही म्हणालो नाही की जुने दिवस चांगले होते.

म्हणून आमची सूचना आहे की येत्या सर्वसाधारण सभेत टोळ्यांच्या हिशेबाची पद्धत हा विषय घ्यावा. प्रत्येक जोडप्याला त्याच्या नावाने टनांची आणि रकमेची पावती मिळावी, निदान ती मुकादमाच्या खिशात अडकू नये. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मागणाऱ्यांनी हेच मागितले होते: आमचे वजन आमच्या डोळ्यांसमोर करा. आपणही काट्याच्या रांगेत उभे राहून नेमके तेच मागतो. जे आपण कारखान्याकडे मागतो ते आपल्या फडातल्या माणसाला द्यायला मागेपुढे बघू नये.

यंत्र, धोरण आणि माणूस, तिन्हींवर शंका घेण्याचा सभासदाचा हक्क कोणी हिरावू शकत नाही, आणि ही पत्रिका तर मुळीच नाही. विनंती एवढीच आहे की शंका लेखी द्यावी, आकड्यासह द्यावी, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. वार्षिक सभेत प्रश्न विचारायचे असतील तर ते पोटनियमांतल्या मुदतीत कार्यालयात द्यावेत आणि पोहोच घ्यावी. अहवालाची प्रत हाती आली की आधी ताळेबंदाचे पान उघडावे, फोटोंची पाने नंतर.